जांभेसड्याचं विरजण

"काय येतं तुला?" जांभेसड्याच्या फाटकाच्या झरोक्यातून पहारेकऱ्यानं विचारलं.

"दगड फोडता येतो."

"बाईमाणसाला?"

"वडाराची आहे. मथुरा धोत्रे." तिनं खांद्यावरची पिशवी रस्त्यावर उलटी केली. छिन्न्या, दोन हातोडे आणि एक आखूड पहार खणखणत पडली. "आत घेतलंस तर दाखवते."

पहारेकरी आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मग साखळी करकरली आणि फाटक वर सरकलं, माणूस वाकून जाईल इतकंच. कुठल्याशा धरणाचं लोखंडी दार आणून ते खिंडीत बसवलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मथुरानं दोन्ही हातांनी ते धरून हलवून पाहिलं होतं, तेव्हा ते तसूभरही हललं नव्हतं. आज ते तिच्यासाठी उचललं गेलं होतं, आणि ज्या माणसाच्या हुकुमानं उचललं गेलं त्याला मारायलाच ती आली होती.

तिनं हत्यारं गोळा केली, मान खाली घातली आणि ती आत शिरली.

खिंडीच्या पूर्वेला सगळा देश पांढरा पडला होता. एके काळी तिथं काळी जमीन होती, ऊस होता, हे तरण्या पोरांना सांगून खरं वाटत नसे. झालं होतं ते असं. तळी, कालवे गळू नयेत म्हणून एका कंपनीनं 'जलबंध' नावाची भुकटी बाजारात आणली. तिच्यात मातीतलाच एक जिवाणू होता, जरा सुधारून घेतलेला. तो युरिया खायचा. युरिया फुटला की अमोनिया आणि कार्बोनेट सुटायचं, कार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला धरायचं आणि मातीच्या कणाकणांत चुनखडीचं लिंपण बसायचं. तळ्याचा तळ सिमेंटसारखा घट्ट व्हायचा. भुकटीत मिसळलेलं एक खास खाद्य संपलं की जिवाणूनं मरावं, अशी सोयही करून ठेवली होती. पण जिवाणू शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपली जनुकं वाटत असतात. मातीतल्या त्याच्या भाऊबंदांनी दगड करायची कला तेवढी उचलली. मरायचं बंधन मागेच राहिलं.

आणि युरिया तर शेताशेतांत पडलेला होता. आधी रानांत अमोनियाचा उग्र वास सुटला, मग नांगराचे फाळ घसरायला लागले. ज्यानं जास्त खत घातलं त्याचं शिवार आधी गेलं. विहिरींचे झरे बुजले. पाऊस पडायचा, पण एक थेंब जमिनीत मुरायचा नाही. सगळा वरच्या वर लोंढा होऊन धावायचा आणि माणसं, गुरं, घरं घेऊन जायचा. दहा-बारा वर्षांत राज्य, सरकार, बाजार, सगळं त्या पांढऱ्या थराखाली गेलं. थर थांबला तो घाटमाथ्यावर. तिथली जांभ्याची लाल माती आंबट असते, आणि आंबट मातीत चुना धरत नाही. जगलेली माणसं म्हणून माथ्याकडे चालत निघाली.

मथुराचा तांडाही तसाच निघाला होता. फाटकाबाहेर तीनेकशे माणसं बसली होती. फाटक अर्धं वर होतं, आणि 'काय येतं' विचारून एकेकाला आत घेणं चाललं होतं. मथुराची थोरली बहीण गिरिजा रांगेत पुढं होती. वरच्या डोंगरावर अवकाळी कोसळला आणि घाटाच्या घळीतून लोंढ्याचा आवाज आला तशी सगळी माणसं फाटकाकडे धावली. तेव्हा भोंग्यातून एक शांत, सुशिक्षित आवाज आला होता, "फाटक पाडा." फाटक पडलं. पाणी छातीला लागलं तरी गिरिजाचा हात मथुराच्या हातात होता. नंतर नव्हता. मथुरा खडकाच्या एका कपारीत अडकून वाचली. तो आवाज कुणाचा हे कळायला तिला फार शोधावं लागलं नाही. भाऊसाहेब देवरुखे यांचं नाव माथ्यावर सगळ्यांना माहीत होतं. सगळं बुडण्याआधी ते त्याच कंपनीचे विभागप्रमुख होते आणि गावोगाव सभा घेऊन त्यांनी जलबंध विकलं होतं.

*

भाऊसाहेब सत्तरीचे, सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांनी मथुराची छिन्नी हातात घेऊन तिची धार पाहिली आणि ती अदबीनं परत दिली.

"दोणी कोरायच्यात, पोरी. काळ्या दगडाच्या, खोल. सईदा सांगेल तसं करायचं. इथं कामाला कमी नाही, आणि काम करणाऱ्याला पोटाला कमी नाही."

त्यांच्या मागे दोन बंदूकवाले उभे होते. छिन्नी हातात असूनही मथुरानं 'बरं साहेब' एवढंच म्हटलं. त्यांना एकदाच गाठायचं होतं, पण एकटं.

सईदा मुकादम कुंडघरात काम करायची. लांबट, आडवं बांधकाम, आत ओळीनं दोणी आणि त्यांत आंबलेला काजूच्या बोंडूचा रस. माथ्यावर काजू उदंड होता. बोंडूतली साखर खाऊन तिचं आम्ल करणारा एक जिवाणू सईदानं कितीतरी वर्षं निवडून निवडून वाढवला होता. त्याचं पाणी पांढऱ्या थरावर ओतलं की थर फसफसून विरघळायचा. शिवाय तो जिवाणू खालच्या मातीत ठाण मांडून तिला आंबट ठेवायचा, त्यामुळे दगड करणाऱ्या जिवाणूला पुन्हा थारा मिळत नसे. वस्तीतली माणसं त्याला विरजणच म्हणत. त्याच्या जोरावर पूर्वेकडच्या उतारावर काही एकर जमीन मोकळी झाली होती, तिथं नाचणी आणि कुळीथ पिकायचा. जमीन भाऊसाहेबांची. राबायचं वस्तीनं. कुणी कुरकुर केली की त्याला फाटक दाखवलं जाई.

"बाहेर का देत नाहीत हे?" पहिल्याच आठवड्यात मथुरानं विचारलं. "खाली लोक मरतायत."

सईदानं दोणीतून नजर वर केली नाही. "दिलं तर फाटक कशाला हवं? आणि फाटक नको तर भाऊसाहेब कशाला हवेत?"

"तू देत का नाहीस?"

"वाढवत नेलं की ते मऊ पडतं. दहा वेळा पुढं काढलं की आम्ल निम्मं. मूळ विरजणातून पुन्हा घ्यावं लागतं, आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. मी आत जाते ती त्यांच्या डोळ्यांदेखत."

मथुराला ती बाई आवडली नव्हती. चांगलंचुंगलं खाऊन, सावलीत राहून, त्या माणसाच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेली. पण दोणी कोरायच्या तर तिच्याशेजारी बसावं लागे. हळूहळू लक्षात आलं की सईदा जेवत नाही, चिवडते. तिच्या बोटांची पेरं आम्लानं पिवळी पडून भेगाळली होती. मथुरा मुकाट्यानं काम करते म्हणून ती हळूच गुणगुणायला लागली होती, आणि मथुरा थांबली की तीही थांबायची.

एका दुपारी कपची उडून मथुराच्या डोळ्यात गेली. ती डोळा चोळणार तोच सईदानं तिचे दोन्ही हात धरले.

"चोळू नको. आम्लाचे हात आहेत तुझे. वर बघ."

तिनं मथुराची हनुवटी उचलली, ओढणीचं टोक ओलं करून पीळ दिला आणि पापणी उलटून कपची अलगद टिपली. श्वास लागेल इतकी ती जवळ होती. काम झालं तरी तिनं हनुवटी सोडली नाही.

"गेली?" मथुरानं विचारलं.

"कधीच."

मग हसू आलं ते दोघींनाही. नऊ वर्षांत आपण हसलो नाही हे मथुराला हसता हसताच कळलं. तिनं सईदाच्या भेगाळलेल्या बोटांवर ओठ टेकवले. बोटं आंबट लागली. सईदानं डोळे मिटले आणि मग कपाळ तिच्या खांद्यावर टेकवून ती बराच वेळ तशीच बसून राहिली. बाहेर बोंडू फोडणाऱ्या बायकांचा गलबला चालू होता.

त्यानंतर मथुरा कुंडघरामागच्या सईदाच्या खोलीत राहायला गेली. वस्तीनं तोंडं वाकडी केली नाहीत असं नाही, पण माणसं मोजकी उरली की कोण कुणाजवळ राहतं याचा फार विचार करत नाहीत. सामायिक स्वयंपाकघर चालवणाऱ्या सुलोचनाकाकू तांबेंनी एका सकाळी दोघींना एकाच ताटलीत भाकऱ्या दिल्या. वस्तीनं मान्य केल्याची पावती तेवढीच.

मथुरानं मात्र मनातली गोष्ट मनातच ठेवली होती. सईदाशेजारी उठताना तिला रोज वाटे की आज सांगावं. शेवटी एका सकाळी चूल पेटवता पेटवता ती म्हणाली, "मी भाऊसाहेबाला मारायला आलेय इथं."

सईदा पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. "का?"

"फाटकासाठी. माझी बहीण बाहेर होती, लोंढा आला तेव्हा."

सईदाचा चेहरा असा पांढरा पडला की मथुराला वाटलं, ही घाबरली.

"तुला माझ्याबद्दल कळवायचं असलं तर कळव त्याला," मथुरा म्हणाली. "मी पळणार नाही."

"मारू नकोस," सईदा म्हणाली. "तो मेला तर उद्या त्याच्या जागी दुसरा बसेल, किल्ली त्याच्या कमरेला जाईल. त्याचं विरजणच काढून घेऊ. त्याच्या देखत. मग तो जिवंत असताना त्याला कोण विचारतं ते बघू."

ते शब्द मथुराला पाणी प्यायल्यासारखे वाटले. बदला म्हणजे छिन्नीचा एक घाव इतकंच तिनं आजवर धरलं होतं. हा बदला लांब होता, आणि त्यात त्या माणसाला सगळं बघावं लागणार होतं.

*

विरजण मऊ का पडतं, याचं उत्तर मथुराच्या हातून अभावितपणे सापडलं. खालून फोडून आणलेल्या पांढऱ्या थराच्या कपच्या ती एका टाकून दिलेल्या मडक्यात भिरकावत असे. त्या मडक्यात तळाशी जुनं, मऊ पडलेलं विरजण होतं. महिन्याभरानं सईदानं ते सहज जिभेला लावलं आणि लगेच थुंकलं.

"हे मूळच्यापेक्षा कडक आहे."

मग तिनं मथुराला समजावलं. दोणीत जिवाणूला आयता गोड रस मिळतो, भांडायला कुणी नसतं. आम्ल करायला जी ताकद लागते ती त्याला फुकट घालवल्यासारखी होते, म्हणून जे आळशी असतात तेच जास्त वाढतात. मडक्यात दगड होता. दगडाचा चुना सगळा रस अळणी करायला बघत होता, तिथं जे जोरात आम्ल करतील तेच टिकले. म्हणजे विरजणात दगडाचा तुकडा टाकून ठेवला की किल्लीची गरज नाही.

"इतकी वर्षं मी त्याला दगडापासून जपत होते," सईदा म्हणाली, आणि तिला रडू आलं.

सुलोचनाकाकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. भाकरी-कालवण न्यायला येणाऱ्या बायकांच्या टोपलीत त्या फडक्यानं तोंड बांधलेलं एकेक बोळकं ठेवू लागल्या. आत कपची, वर बोंडूचा रस. "दह्यासारखं सांभाळ," एवढंच सांगायच्या. वस्तीतल्या बायकांना त्याहून जास्त सांगावं लागलं नाही. कुणी ते चुलीमागे ठेवलं, कुणी देव्हाऱ्याखाली. काकूंचा स्वतःचा मुलगा हरेश पहाऱ्याचा मुख्य होता. त्याच्याच घरात तीन बोळकी होती, आणि तो रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होता.

बिंग फुटलं ते एका लहानशा गोष्टीनं. एका घरात बोळकं लवंडलं आणि चुनखडीच्या फरशीला भोक पडलं. पहारेकऱ्यानं ते पाहिलं. भर दुपारी भाऊसाहेब हरेश आणि चार बंदूकवाले घेऊन कुंडघरात आले. गर्दी त्यांच्या मागोमाग दारात जमली.

"सईदा," ते म्हणाले, "कुणाकुणाला दिलंस?"

"सगळ्यांना."

त्यांनी मान हलवली, एखाद्या हुशार पोरीनं परीक्षेत सोपं गणित चुकवावं तशी. मग त्यांनी मूळ विरजणाच्या खोलीचं कुलूप स्वतः काढलं, हरेशला भट्टीतल्या चुन्याचं पोतं आणायला लावलं आणि ते पोतं दोणीत ओतायला सांगितलं. चुना पडताच दोण उकळल्यासारखी फसफसली आणि मग शांत झाली. आंबट वास गेला.

"गेलं," भाऊसाहेब म्हणाले. "तुमची बोळकी महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडतील. पुन्हा तयार करायला सईदाला दहा वर्षं लागतील, तीही मी तिला बोंडू दिले तर. आता ज्याला जेवायचंय त्यानं घरातलं आणून इथं ओतावं."

कुणी हललं नाही. सुलोचनाकाकू पुढं आल्या. "मऊ नाही पडत, भाऊसाहेब. माझं चार महिन्यांचं आहे. काल त्यानं परातीला छिद्र पाडलं."

भाऊसाहेबांनी पहिल्यांदा सईदाकडे नीट पाहिलं. तिनं मान डोलावली.

"हरेश," ते म्हणाले, "घरं तपासा."

हरेशनं आईकडे पाहिलं, मग दारातल्या बायकांकडे. त्यांत त्याच्या माणसांच्या बायका होत्या, आया होत्या. त्यानं बंदूक खांद्यावरून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "कोणाचं घर तपासू, साहेब? माझ्याच घरापासून सुरू करावं लागेल." बाकीच्या चौघांनीही हळूहळू बंदुका खाली ठेवल्या.

मथुराच्या हातात छिन्नी होती. ती पुढं गेली. ह्या क्षणासाठी ती नऊ वर्षं जगली होती आणि तिला त्यातला एक घोटही सोडायचा नव्हता.

"मला ओळखत नाही तुम्ही," ती म्हणाली. "फाटकाबाहेर तीनशे माणसं होती. त्यातली एक राहिली."

भाऊसाहेब खरोखरच घाबरले. पण ते सभा जिंकलेले गृहस्थ होते. समोरच्याची नाजूक जागा कुठं आहे हे त्यांना लगेच दिसे. त्यांनी मथुराकडून सईदाकडे पाहिलं, आणि दोघींत काय आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

"हुकूम माझा होता," ते हळू आवाजात म्हणाले. "मी नाकारत नाही. सगळे आत आले असते तर आज इथं कुणीच नसतं. पण साखळी मी सोडली नाही, पोरी. पहारेकऱ्याला सांगितलं, त्यानं सोडली नाही. ती कुणी सोडली, हे तुला हिनं सांगितलं नाही वाटतं."

मथुरा वळली. सईदा दोणीला टेकून उभी होती.

"मी सोडली," ती म्हणाली.

"ह्यानं तुझ्यावर बंदूक धरली होती?"

"नाही. मी बाहेरच्यांना पाणी द्या म्हणून सांगायला साखळीघरात गेले होते. हे म्हणाले, इतकी माणसं आत आली तर बोंडूसुद्धा खाऊन टाकतील, विरजण मरेल, आणि मग साऱ्या देशाची माती कायमची जाईल. विरजण तेव्हा नुकतं लागलं होतं. मला ते पटलं. मी सोडली. त्यानंतर ह्यांनी ते कुणाला दिलं नाही." ती थांबली. "तू सांगितलंस त्या सकाळी मी सांगायला हवं होतं. तू जाशील म्हणून नाही सांगितलं."

मथुराला वाटलं, हातातली छिन्नी आता आपल्या आपण कुठंतरी जाईल. ती कुणाकडेच गेली नाही.

"ह्याला बाहेर काढा," शेवटी ती म्हणाली.

*

भाऊसाहेबांना टोपी, काठी आणि पाण्याची एक बाटली दिली. बाटली मथुरानंच भरली. "तुम्ही आम्हाला तीही दिली नव्हती," ती म्हणाली. फाटक उचललं, ते बाहेर गेले, फाटक पडलं. साखळी मथुराच्या हातात होती. वस्ती खिंडीच्या भिंतीवर चढून बघत होती. पांढऱ्या थरावरून ते नीट पावलं टाकत गेले. उन्हाच्या झळांत त्यांचे आधी पाय दिसेनासे झाले, मग सगळेच.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना ते परत आले. फाटकावर काठी वाजवली. "हरेश," म्हणाले. मग "सुलोचनाताई." मग त्यांनी सईदाला हाक मारली, पोरी म्हणून, पुन्हा पुन्हा. कुणी मथुराला म्हणालं, घेऊया का आत, म्हातारं माणूस आहे. "घ्यायचं तर घ्या," मथुरा म्हणाली, "माझ्या हातातून साखळी काढून घ्या." कुणी पुढं आलं नाही. ती फाटकाला पाठ लावून बसली आणि आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिली. काठीचा आवाज आधी थांबला. लोखंड तापलेलं होतं, त्याची धग तिच्या पाठीत उतरत होती.

तिला वाटलं होतं, छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. तिला भूक मात्र लागली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या, वर ताक प्यायली, आणि मग ती सईदाच्या खोलीकडे गेली.

सईदानं कपडे एका गाठोड्यात बांधले होते. ती पायात चपला न घालता उभी होती.

"मीही जाते बाहेर," ती म्हणाली. "तू साखळी सोड."

"सोपं आहे ते," मथुरा म्हणाली. "दोन दिवसांत सुटशील. मला काय मिळेल त्यात?"

"मग काय करू?"

"उद्या निघायचं. खाली जेवढी गावं उरलीत तेवढ्या गावांत जायचं. तू आधी सांगायचं, मी कोण, मी काय केलं. सगळं, आत्ता सांगितलंस तसं. लोकांना काय करायचं ते करू दे. मी मधे पडणार नाही. त्यांनी करून झालं की विरजण द्यायचं, ते कसं सांभाळायचं ते शिकवायचं, आणि पुढच्या गावाला निघायचं. प्रत्येक गावात, सईदा. मी ऐकायला असेन."

सईदानं गाठोडं खाली ठेवलं. "तुला ते रोज ऐकवेल?"

"नाही ऐकवणार. पण ऐकेन."

*

मडकी पाठीवर बांधून दोघी निघाल्या. पहिल्या गावात विहिरीच्या कोरड्या काठावर वीसेक माणसं बसली होती. सईदानं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं तिच्या तोंडावर धूळ फेकली. ती तोंड न पुसता थरावर बसली आणि मडक्यातलं पाणी ओतून दाखवलं. चुनखडी फसफसली, खाली काळी माती दिसली, आणि म्हातारा त्या मातीवर गुडघे टेकून बसला. दुसऱ्या गावात त्यांना हाकललं. मडकी मथुरानं वेशीवर ठेवली, कसं सांभाळायचं ते ओरडून सांगितलं आणि त्या पुढं निघाल्या. तिसऱ्या गावात एक दगड आला आणि सईदाची भुवई फुटली. मथुरा हात बांधून उभी राहिली. गाव मागं पडल्यावर तिनं सईदाला खाली बसवलं, पदर फाडला आणि जखम बांधली. सईदानं तिचे हात धरले आणि तिनं धरू दिले.

असे आठवडे गेले. कुठं मारलं, कुठं जेवू घातलं. जिथं विरजण लागलं तिथून बायका पुढच्या गावांना मडकी पोचवू लागल्या, तेव्हा सईदाच्या आधीच तिची गोष्ट पोचायला लागली. तरी ती प्रत्येक गावात नव्यानं सांगायची, आणि मथुरा प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकायची. गिरिजाचं नाव सईदा घ्यायची तेव्हा मथुराचे दात आवळलेले असत. ते कधी सैल झाले नाहीत.

मळेवाडी म्हणून एक वस्ती होती, सात-आठ घरांची. तिथं एका बाईनं दोघींना सावलीत बसवलं. तिचा नवरा त्या लोंढ्यात गेला होता, त्याच फाटकाशी. सईदानं सांगून संपवलं. ती बाई उठली, आत जाऊन पाण्याचा एकच तांब्या घेऊन आली आणि तो तिनं मथुराच्या हातात दिला. सईदाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"तू तर माझ्यासारखीच आहेस," ती मथुराला म्हणाली. "तुझंही माणूस गेलं. मग हिला घेऊन कशाला हिंडतेस? ही तुझी कोण?"

मथुरानं तांब्या खाली ठेवला.

"माझ्या बहिणीला हिनं मारलं," ती म्हणाली. "आणि ही माझं माणूस आहे. पाणी दोघींनाही दे."